आठ मुलांची आई, आणि चित्रकार

(कार्यकर्त्यांच्या तिमाही अभ्यास-बैठकीत झालेल्या भाषणाचं शब्दांकन)



आजचा विषय कळल्यावर तुमच्यातल्या दोघीतिघींनी मला विचारलं, "चिनी चित्रकलेचं आपल्या बैठकीत काय काम?" प्रश्न रास्त आहे. मी चित्रकलेची जाणकार नाही. समाजकार्याचं शिक्षण घेऊन सल्ला केंद्रात बसणारी कार्यकर्ती आहे. पोटगी, मारहाण, नवरा गेल्यावर सासरी उरलेल्या बायकांचे हक्क, हा माझा रोजचा व्यवहार. पण एका चित्रप्रदर्शनाबद्दल वाचायला मिळालं, त्यातली चित्रं छापील स्वरूपात पाहिली, आणि त्या चित्रकार बाईच्या आयुष्याने मला माझीच एक जुनी केस आठवून दिली. म्हणून हा विषय घेतला. ती केस शेवटी सांगते.

हे प्रदर्शन २०१७ साली हाँगकाँगमध्ये एशिया सोसायटीच्या केंद्रात भरलं होतं. ब्रिटिश लष्कराने दारूगोळा ठेवण्यासाठी बांधलेल्या जुन्या कोठारात आता हे केंद्र आहे. चित्रकार होती फांग झाओलिंग. १९१४ साली जन्मली, २००६ साली गेली. चिनी शाईच्या चित्रांना विसाव्या शतकात ज्यांनी नवं वळण दिलं, त्यांत तिचं नाव घेतात. प्रदर्शन तिच्या सगळ्या आयुष्यातल्या कामाचा मागोवा घेणारं होतं. त्याच्या इंग्रजी नावाचा भाव 'आपली वाट आपण रंगवणारी' असा. त्याच केंद्रात नंतर पान यूलियांग, आयरीन चौ आणि लालान या आणखी तीन चिनी चित्रकार स्त्रियांची प्रदर्शनं झाली. म्हणजे एका बाईचं कौतुक करून थांबायचं नाही, गाळलेली एक संपूर्ण रांग पुढे आणायची, असा तो प्रयत्न होता. मी तिला 'ती' म्हणणार आहे, आपण एकमेकींना म्हणतो तसं.

आधी या चित्रांविषयी थोडं सांगते. काजळी आणि सरस यांची वाळवलेली कांडी असते. ती दगडी पात्रात पाणी घालून उगाळायची, आपण सहाणेवर चंदन उगाळतो तशी. त्या शाईत केसांचा कुंचला बुडवून कागदावर रेघ ओढायची. कागद टीपकागदासारखा शाई शोषून घेतो. तिथे खोडरबर चालत नाही, वरून दुसरा रंग देऊन चूक झाकताही येत नाही. ओढली ती रेघ ओढली. हात थबकला तर थबकलेला दिसतो, घाबरला तर घाबरलेला दिसतो. त्यामुळे या कलेत रोजच्या सरावाला फार महत्त्व आहे. एकेक अक्षर, एकेक रेघ वर्षानुवर्षं गिरवावी लागते. चित्र आणि सुलेखन वेगळं नसतं. चित्राच्या कडेला चार ओळी लिहायच्या आणि आपला शिक्का उमटवायचा, की चित्र पुरं.

रोजचा सराव म्हणजे रोजचा मोकळा वेळ. आणि बाईला रोजचा मोकळा वेळ कुठून मिळणार? बैठकीला येण्यासाठी दोन तास काढताना आपली काय तारांबळ होते, ते इथे कुणाला सांगायला नको.

चीनमध्ये बायका चित्रं काढतच नव्हत्या असं नाही. सातशे वर्षांपूर्वी ग्वान दाओशेंग नावाची बाई बांबूच्या चित्रांसाठी प्रसिद्ध होती. खानदानी घरांत मुलींना कुंचला धरायला शिकवत. पण फुलं, पाखरं, बांबू हे बायकांचे विषय मानले जात. अंगाला शोभेल, लग्नात गुण म्हणून सांगता येईल, इतपत. आपल्याकडे मुलीला भरतकाम आणि पेटी येते असं सांगायचे, त्यातलाच प्रकार. भले थोरले डोंगर, भिंत भरेल एवढी अक्षरं, हे पुरुषी ताकदीचं काम समजलं जाई. १९३४ साली शांघायमध्ये काही जणींनी एकत्र येऊन चित्रकार आणि सुलेखनकार स्त्रियांची संस्था काढली. शंभरावर सभासद जमल्या, त्यांनी प्रदर्शनं भरवली, पुस्तिका छापली. एकटीचं चित्र घरच्या पेटीत पडून राहतं, दहाजणींनी मिळून मांडलं तर लोकांना पाहावं लागतं, हे त्यांना कळलं होतं. आपल्याला ते वेगळं समजावून सांगायला नको.

झाओलिंग शांघायजवळच्या वूशी या गावातली. वडील कारखानदार. १९२५ साली, ती अकरा वर्षांची असताना, सरदारांच्या आपसातल्या लढायांच्या धामधुमीत वडील मारले गेले. आई तरुणपणी विधवा झाली. पण तिने मुलींचं शिक्षण थांबवलं नाही, घरी शिक्षक ठेवले. चियान सोंगयान या चित्रकाराकडे झाओलिंग शिकली. १९३७ साली ती इंग्लंडला गेली आणि मँचेस्टर विद्यापीठात युरोपचा आधुनिक इतिहास शिकू लागली. तिथेच १९३८ साली तिचं लग्न झालं. नवरा जपान्यांविरुद्ध लढलेल्या एका चिनी सेनापतीचा मुलगा.

आता पुढची दहा-अकरा वर्षं पाहा. युरोपात महायुद्ध सुरू झालं म्हणून तिथून निघाले. हाँगकाँगला आले तर तिथे जपानी आले. मग चीनच्या आतल्या भागात गावामागून गावं. युद्ध संपलं तर यादवी सुरू. चाळिसाच्या दशकाच्या शेवटी कुटुंब पुन्हा हाँगकाँगला आलं. या सगळ्या पळापळीत तिला आठ मुलं झाली, त्यांत जुळ्या मुली. १९५० साली नवरा अचानक आजारी पडून वारला. ती तेव्हा ३६ वर्षांची होती आणि मुलं सगळी दहा-अकरा वर्षांच्या आतली.

अशा वेळी बाईने काय करायचं असतं, ते सगळ्या समाजांनी ठरवून ठेवलेलं आहे. मुलांकडे बघून दिवस काढायचे. झाओलिंगने मुलांकडे पाहिलंच. नवऱ्याचा व्यापार काही काळ तिने सांभाळला. पण त्याबरोबर कुंचला पुन्हा हातात घेतला. लिंगनान शैलीचे प्रसिद्ध चित्रकार झाओ शाओआंग तेव्हा हाँगकाँगमध्ये शिकवत असत, त्यांच्याकडे ती जाऊ लागली. पुढे झांग दाचियान या त्या काळच्या सर्वांत नावाजलेल्या चित्रकाराने तिला शिष्या म्हणून स्वीकारलं. वयाच्या चाळिशीत ती हाँगकाँग विद्यापीठात चिनी साहित्य आणि तत्त्वज्ञान शिकायला गेली. तिथून १९५६ साली ऑक्सफर्डला, प्राचीन चिनी काव्याचा अभ्यास करायला.

इथे प्रश्न येतो. मुलांचं काय?

ती इंग्लंडला गेली तेव्हा दोन मुलगे तिच्याबरोबर होते. बाकीची मुलं हाँगकाँगमध्ये राहिली, आजीकडे आणि काकाकडे. आजी म्हणजे झाओलिंगची सासू. काका हॅरी फांग, पुढे अपंगांच्या पुनर्वसनाच्या कामामुळे सगळ्या हाँगकाँगला माहीत झालेले हाडांचे डॉक्टर.

माझं मन इथे अडकलं. खरं सांगते, पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्याही मनात आलं, 'मुलं ठेवून गेली?' इतकी वर्षं या कामात असून, समतेची शिबिरं घेऊन, पहिला विचार हाच आला. मग मी स्वतःला एक गोष्ट करायला लावली. तिच्या गुरूचं आयुष्य शेजारी ठेवून पाहिलं.

झांग दाचियान यांना चार बायका आणि डझनावर मुलं. चाळिसाच्या दशकात ते वाळवंटातल्या दुनहुआंगच्या लेण्यांत दोन वर्षांहून अधिक काळ राहून भित्तिचित्रांच्या नकला करत होते. १९५० साली ते भारतात आले. दिल्लीत त्यांचं प्रदर्शन झालं आणि मग ते आपल्या अजिंठ्याला जाऊन राहिले, दुनहुआंगची चित्रं आणि अजिंठ्याची चित्रं ताडून पाहायला. म्हणजे ज्या वर्षी झाओलिंग आठ मुलांना घेऊन विधवा झाली, त्याच वर्षी तिचे होणारे गुरू औरंगाबादजवळच्या डोंगरात लेणी अभ्यासत होते. तेही देशाला मुकलेले होते, त्यांच्याही वाट्याला वणवण आली. मी त्यांना दोष देत नाही. पण अजिंठ्यात बसलेल्या त्या माणसाला कुणी विचारतं का, की तुमच्या मुलांना जेवायला कोण वाढतंय? त्यांच्या बाबतीत ती साधना ठरते. बाईने तेच केलं की मुलं टाकून गेली.

आणि ती अभ्यास करायला गेली होती, मैत्रिणींनो. रोज डोळ्यांसमोर असणं म्हणजेच आईपण, असं मानलं तर बाईच्या शिक्षणाचे सगळे रस्ते बंद होतात. मुलांना आईची उणीव भासली नसेल असं मी म्हणणार नाही. भासली असणार. उणीव वडिलांचीही भासते, पण वडील नोकरीसाठी परगावी गेले तर आपण त्यांना पैसे पाठवणारा कर्ता पुरुष म्हणतो.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. झाओलिंगची गोष्ट 'जिद्द असली की सगळं होतं' अशी सांगितली, तर ती खोटी होईल. जिद्द होतीच. पण घर सुस्थितीतलं होतं. लहानपणी मिळालेलं शिक्षण होतं. शिकवायला तयार असलेले गुरू होते. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे सासू होती. मुलगा गेल्यावर सून दूर देशी शिकायला निघाली, आणि तिने नातवंडं सांभाळली. आपल्या केंद्रात सासू येते ती बहुतेक वेळा तक्रारीच्या कागदावर. इथे एका बाईची चित्रं दुसऱ्या म्हाताऱ्या बाईच्या श्रमांवर उभी आहेत. त्या आजीच्या नावाचा शिक्का कुठल्या चित्रावर नाही. आपण घरकामाचं मोल मागतो, तेव्हा याच न दिसणाऱ्या शिक्क्याबद्दल बोलत असतो.

त्या जुळ्या मुलींपैकी एक म्हणजे अॅन्सन चान. १९९३ साली ती हाँगकाँग सरकारची मुख्य सचिव झाली. त्या जागेवर बसलेली पहिली स्त्री आणि पहिली चिनी व्यक्ती. २००१ पर्यंत ती त्या पदावर होती. त्याआधी, विवाहित स्त्री-अधिकाऱ्यांना पुरुषांच्या बरोबरीने सवलती मिळत नव्हत्या, त्यासाठी वरिष्ठ स्त्री-अधिकाऱ्यांनी संघटना केली, त्यात ती पुढे होती. आई दूर राहिली म्हणून मुलगी वाया गेली नाही, एवढं सांगायला हे पुरे. पण यातून एक गंमत झाली. पुढे झाओलिंगची ओळख अनेकदा 'अॅन्सन चान यांच्या मातोश्री' अशी करून दिली जाऊ लागली. आधी अमक्याची सून, मग तमक्याची विधवा, मग मोठ्या अधिकारीबाईंची आई. म्हणून एखाद्या स्त्रीच्या कामाचा असा सलग मागोवा घेणारं प्रदर्शन मला महत्त्वाचं वाटतं. तिथे भिंतीवर फक्त तिचं काम असतं. नातं विचारायचं तर आधी चित्रांसमोरून चालत जावं लागतं.

आता त्या चित्रांकडे येऊ. सुरुवातीची चित्रं नाजूक आहेत, फुलं, पाखरं, गुरूंच्या वळणाची. छान आहेत, पण अशी चित्रं काढणाऱ्या आणखीही होत्या. तिचं स्वतःचं काम खऱ्या अर्थाने पुढे आलं ते पन्नाशीनंतर आणि साठीत. साठच्या दशकाच्या शेवटापासून ती बराच काळ लंडनला होती. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात झांग दाचियान यांच्याकडे काही काळ राहिली. मग चीनमध्ये प्रवास केला. आणि तिची रेघ बदलली. जाड झाली, काळीभोर झाली, खडबडीत झाली. एखाद्या लहान मुलाने दगडावर दगड रचावेत तसे तिचे डोंगर दिसतात. त्यात नजाकत नाही. पण चिनी परंपरेत गुळगुळीत सफाईपेक्षा साध्या, ओबडधोबड ताकदीला मान देणारा एक विचार आहे, आणि तो तिने नेमका पकडला. फुलापाखरांचा विषय सोडून ती बायकांना नाकारलेल्या डोंगरांकडे गेली. अक्षरंही तशीच लिहू लागली, मोठाली, ठसठशीत.

मला सगळ्यांत भावली ती उत्तर शान्शी प्रांतातल्या घरांची चित्रं. तिथले शेतकरी पिवळ्या मातीच्या टेकड्या पोखरून त्यांत राहतात. झाओलिंगच्या चित्रांत टेकडीच्या पोटात एकावर एक कमानीची दारं दिसतात. पायऱ्यांवरून माणसं चढताहेत, मुंग्यांएवढी. पण हरवलेली नाहीत. कुणी ओझं घेऊन चाललंय, कुणी दारात उभं आहे. जुन्या चिनी निसर्गचित्रांत माणूस असतो तो बहुधा एकांतात बसलेला विद्वान. हिच्या डोंगरांत वस्ती आहे, वर्दळ आहे. बारा गावं पळत फिरलेल्या बाईला डोंगर दिसला की त्यात आधी घर दिसावं, हे मला फार स्वाभाविक वाटतं.

दुसरी चित्रं व्हिएतनामहून होड्यांतून निघालेल्या निर्वासितांची. १९७५ साली युद्ध संपल्यावर लाखो लोक मिळेल त्या होडीत बसून समुद्रात उतरले. १९७९ या एका वर्षात हाँगकाँगच्या किनाऱ्याला साठ हजारांहून अधिक माणसं लागली. हाँगकाँगमध्ये त्यांच्याविषयी कणव होती तशी चीडही होती, 'आमच्यावर ओझं' अशी. झाओलिंग तेव्हा पासष्टीच्या आसपास होती. तिने ते लोक चित्रांत आणले. काळ्या जाड रेघांची होडी, आत दाटीने बसलेली माणसं, भोवती पाणी. शाईच्या चित्रात नाव हा जुना विषय आहे, पण त्या नावेत मासा धरणारा निवांत म्हातारा असायचा. हिने त्या नावेत निर्वासित बसवले. स्वतः मुलंबाळं घेऊन पळालेल्या बाईला त्या होडीत कोण बसलंय ते ठाऊक होतं. शेजारच्या वस्तीत कुणी परप्रांतातून आलं की आपल्याकडेही काय बोललं जातं, ते आठवून ही चित्रं पाहावीत.

एक सावधगिरीची गोष्ट. अशा प्रदर्शनात पन्नास-साठ वर्षांची चित्रं ओळीने लावलेली असतात. त्यामुळे आयुष्य सरळ रेषेत गेल्यासारखं वाटतं. पण चित्रांखालची सालं नीट वाचली, तर मधली पोकळी दिसते. लग्नापासून नवरा जाईपर्यंतची वर्षं या बाईच्या कामात जवळजवळ रिकामी आहेत. ती आळसाची वर्षं नव्हती. बाळंतपणं, युद्ध आणि बिऱ्हाडं हलवणं यांची वर्षं होती. आपल्याकडच्या किती बायकांच्या अर्जांत अशी रिकामी वर्षं असतात! मुलाखत घेणारा विचारतो, 'या काळात तुम्ही काही करत नव्हता?' आणि बाई खाली मान घालून म्हणते, 'नाही, घरीच होते.'

आता माझी केस. काही वर्षांपूर्वी एक विधवा मुलगी केंद्रात आली. वय तिशीच्या आतलं, दोन लहान मुली. नर्सिंगच्या कोर्सला तिचा नंबर लागला होता, पण हॉस्टेलला राहावं लागणार होतं. तिची आई मुलींना सांभाळायला तयार होती. सासरचे म्हणत होते, 'मुली टाकून चालली.' ती माझ्याकडे पैसे मागायला आली नव्हती, कायदा विचारायलाही नाही. तिला फक्त कुणीतरी 'जा' म्हणायला हवं होतं. आणि मी म्हटलं, "मुली फार लहान आहेत गं. थोड्या मोठ्या होऊ देत, मग बघू." फाइलवर मी लिहिलं, 'समुपदेशन केले.' पुढे प्रवेशाच्या वयाची मर्यादा उलटून गेली. आज ती एका दवाखान्यात आयाचं काम करते. रात्रपाळीला जाते, म्हणजे मुलींपासून दूर राहणं चुकलं नाहीच. फक्त नर्सचा पगार आणि मान गेला. तिने मला कधी दोष दिला नाही. मीच देते.

मी तिला सांगितलं ते प्रेमाने सांगितलं. पण त्या प्रेमामागे तीच जुनी समजूत होती, की बाईचं शिक्षण थांबू शकतं, मुलं थांबू शकत नाहीत. खरं म्हणजे बाईचं वयही थांबत नाही. झाओलिंगच्या सासूने जे केलं, ते करायला त्या मुलीची आई तयार होती. आडवी आले ती मी.

म्हणून तुमच्यापुढे दोन गोष्टी ठेवते. पहिली, आपण वस्तीतल्या बायकांच्या जीवनकहाण्या लिहून घेतो, तेव्हा तीन प्रश्न नेमाने विचारू या: तुमची मुलं कुणी सांभाळली, त्याचा खर्च कुणी केला, आणि तुमच्या कामाची किती वर्षं रिकामी गेली. उत्तरं मिळाली की पाळणाघरांची, विद्यार्थिनींसाठी वयाच्या सवलतीची, मुलांसकट राहता येईल अशा वसतिगृहांची मागणी आपण भावनेवर नाही, हिशोबावर मांडू शकू. दुसरी, आपल्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांच्या कामाचा असा एक मागोवा आपणही घेऊ या, त्या आहेत तोवर. पत्रकं, भित्तिपत्रकं, हाताने लिहिलेले ठराव, फोटो, गोधड्या, जे असेल ते. एका खोलीत ओळीने लावू, खाली सालं लिहू. आणि जिथे पोकळी असेल तिथे ती झाकायची नाही. तिथे पाटी लावायची, त्या वर्षांत ही काय करत होती आणि कुणी तिला हात दिला.

झाओलिंग नव्वदी ओलांडून गेली. शेवटच्या काळातली तिची अक्षरं मी पाहिली, जाड, काळी, कुठेही न थबकलेली. सल्ला द्यायला बसताना आपणही बाईच्या शिक्षणापाशी थबकायचं नाही, एवढं ठरवून आज उठू या.